इचारअण्णांचा पंखा

आमच्या अण्णांना स्वतःचं मत नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. मत होतं, पण ते त्यांच्याजवळ नसायचं. ते सगळ्या कडाव गावभर विखुरलेलं असायचं आणि अण्णा ते गोळा करत हिंडायचे. नवा कोयता घ्यायचा असो की भाताचं बियाणं बदलायचं असो, पहिलं वाक्य ठरलेलं. "थांब रं, इचारून घेऊ." म्हणून गावाने त्यांचं नाव इचारअण्णा ठेवलं होतं. ते तोंडावर घेतलं तरी त्यांना राग यायचा नाही. राग यावा की येऊ नये, हेही त्यांनी बहुधा कुणाला तरी विचारून ठेवलं असावं.

नात्याने ते माझे धाकटे चुलते. माझं भिसेगावात झेरॉक्सचं दुकान आहे आणि माझ्याकडे मोटारसायकल आहे. या दोन्ही गोष्टी देवाने मला त्यांच्या चौकशांसाठीच दिल्या आहेत अशी अण्णांची प्रामाणिक समजूत होती. एकदा त्यांची दाढ दुखायला लागली. काढावी की ठेवावी, हे विचारायला मी त्यांना कर्जतच्या दोन दवाखान्यांत नेलं, नेरळला एका वैद्याकडे नेलं, आणि ज्यांच्या दाढा काढून झाल्या होत्या अशा झाडून सगळ्या ओळखीच्यांकडे नेलं. हे सगळं चालू असताना ती दाढ एके दिवशी भाकरीच्या घासाबरोबर आपण होऊन बाहेर आली. अण्णा म्हणाले, "बघ, घाई केली असती तर फुकट सुई टोचून घेतली असती." अशा माणसाशी वाद तरी काय घालणार?

त्यांच्या लेकीला, पल्लवीला पनवेलचं स्थळ आलं तेव्हा तर त्यांनी कहरच केला. मुलाच्या सोसायटीचा वॉचमन, खालचा इस्त्रीवाला, मुलाला पाचवीत शिकवलेल्या बाई, कुणालाही सोडलं नाही. इस्त्रीवाल्याने ही चौकशी शर्टांच्या घड्यांसोबत घरपोच केली. साखरपुड्यात विहीणबाई हसून म्हणाल्या, "आता आमच्याविषयी काही विसरलो तर तुम्हालाच फोन करू." अण्णांना ती तारीफ वाटली. घरी येईपर्यंत खूश होते.

या पल्लवीवर त्यांचा जीव होता. थोरला मुलगा पुण्याला नोकरीला, वर्षातून दोनदा येणार, पाहुण्यासारखा वागणार. पल्लवी मात्र लग्नानंतरही फोनवरून अण्णांना दटावायची, औषधं घ्यायला लावायची. दिवाळीला ती आली ती गोड बातमी घेऊनच. दिवस भरत होते वैशाखात. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही रीत, त्यामुळे अण्णा लगेच मागची खोली झाडायला निघाले. तेव्हा पल्लवी म्हणाली, "अण्णा, मला यायचंच हाय. पन ती खोली उन्हाळ्यात भट्टी होते. मला नाय सोसणार. सासूबाई म्हनतात हितंच राहा, एसी हाय."

ती खोली खरोखरच भट्टी होती. पूर्वी घरावर कौलं होती तेव्हा ती बरी असायची. पण माकडांनी कौलं फोडून फोडून पत्रे घालायची वेळ आणली. खोलीवर फळ्यांचा माळा आणि माळ्यावर पत्रा. दिवसभर पत्रा तापायचा, माळ्यावर गरम हवा कोंडायची आणि फळ्यांतून खाली झिरपायची. अण्णांना ते ठाऊक होतं. लेक आपल्या घरी न येता पनवेलच्या बंद खोलीत बाळंत होणार, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. घराच्या वायरिंगला एसी झेपणार नव्हता. तेव्हा कुणीतरी सुचवलं, माळ्यावरची गरम हवा बाहेर काढणारा पंखा बसवा. अण्णा म्हणाले, "पल्लवी, तू ये. पंख्याचं मी बघतो." आणि मला म्हणाले, "सोन्या, गाडी काढ."

पहिला मुक्काम माझ्या दुकानात. कॉम्प्युटरवर मी त्यांना पंखे दाखवू लागलो. लोकांनी दिलेले अभिप्राय वाचून दाखवले. अण्णांनी चष्मा सरसावला आणि विचारलं, "ज्यानं ह्या पाच चांदण्या दिल्यात, त्याच्या घरावर पत्रा हाय का सिलॅब?" मी म्हटलं, ते लिहिलेलं नाही. "त्याच्याकडं पाऊस किती?" तेही लिहिलेलं नव्हतं. "मग ह्यो माणूस काय कामाचा?" असं म्हणून त्यांनी साऱ्या जगाचा अभिप्राय एका वाक्यात निकालात काढला. मागे गिऱ्हाइकं आधार कार्डाच्या झेरॉक्ससाठी ताटकळत उभी होती. त्यांतल्या दोघांना अण्णांनी जाता जाता त्यांच्या घराच्या छपराबद्दल विचारलं.

मग कुणीतरी सांगितलं की खालापूरकडच्या कारखान्यांच्या छपरांवर कांद्यासारखे गोल पंखे असतात, ते नुसत्या वाऱ्यावर फिरतात, वीज लागत नाही. गेलो. अण्णा भर दुपारी एका कारखान्याच्या फाटकासमोर मान वर करून उभे राहिले ते हलेचनात. वॉचमनला वाटलं जमिनीचा दलाल आला. तो धावत बाहेर आला आणि थोड्या वेळाने दोघे वडाच्या सावलीत बसून वॉचमनच्या गावच्या जमिनीचा भाव काय येईल यावर बोलत होते. पंख्याविषयी एवढंच कळलं की तो छपराला भोक पाडून बसवतात. आमच्याकडच्या पावसात पत्र्याला आपल्या हाताने भोक पाडणारा माणूस अजून जन्मायचा आहे. कांदा बाद झाला.

उरला भिंतीतला पंखा. पत्र्याखाली भिंतीचा जो तिकोनी भाग असतो, त्यात तो बसवायचा. पण घराला असे तिकोन दोन, एक उगवतीला आणि एक मावळतीला. त्यासाठी अण्णांच्या ओटीवर रीतसर बैठका भरू लागल्या. निवृत्त हेडमास्तरांनी टेप लावून माळा मोजला आणि हवेचं घनफळ काढलं. ते काढून पुढे काय करायचं हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. गुरवाने बजावलं की उगवतीकडून घरातली हवा बाहेर टाकली तर लक्ष्मीही तिच्यासोबत जाईल. फार्महाऊस सांभाळणाऱ्या एका शहाण्याने आपल्या मुंबईच्या शेठकडे कसा आवाज न करणारा पंखा आहे याचं वर्णन केलं. शेठ तिथे वर्षातून चार दिवस येत असल्यामुळे पंखाही बहुतेक बंदच असावा. खालून वारा आत यायला जागा ठेवली नाही तर पंखा नुसता गुरगुरेल, एवढी एकच कामाची गोष्ट त्या बैठकांतून निघाली. ती कोण बोललं ते गोंधळात कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

या सगळ्यांना चहा कुसुमकाकू द्यायची. कुसुमकाकू म्हणजे अण्णांची बायको. ती बोलायची कमी, आणि ओटीवर पुरुषमाणसं असली की त्याहून कमी. एकदा कपबशा ठेवता ठेवता ती म्हणाली, "अवो, पन बाळंतिणीच्या खोलीत पंखा..." तेवढ्यात हेडमास्तरांनी साखर कमी पडल्याचं सांगितलं आणि काकू आत गेली. चर्चा पुढे चालू झाली. मावळतीला पंखा बसवला तर पावसाची झड थेट आत येईल, यावर त्या दिवशी एकमत झालं, आणि दुसऱ्या दिवशी ते मोडलं.

इकडे पल्लवीचं डोहाळजेवण झालं. होळी झाली. तिला आणायला जायचा दिवस ठरला तरी भिंत शाबूत होती. शेवटी कर्जतच्या दुकानदाराने, ज्याच्याकडे आम्ही इतक्या वेळा जाऊन आलो होतो की तो आम्हाला बघून आत लपायचा, निर्वाणीचं सांगितलं. एकच नग उरला आहे, नेताय तर न्या, नाहीतर संध्याकाळी एक फार्महाऊसवाला नेतोय. अण्णांचा चेहरा मला आजही आठवतो. दुकानात विचारायला कुणीच नव्हतं. त्यांनी रस्त्यावरून जाणाऱ्या एका अनोळखी बाईकडेसुद्धा आशेने पाहिलं. मग म्हणाले, "बांध."

पंखा लक्ष्मीची पर्वा न करता उगवतीला बसला. बाहेरून पावसासाठी पडदी, आतून चिमण्यांसाठी जाळी. माळ्याची झडप उघडी ठेवली आणि खालची खिडकी किलकिली केली की खोलीतली गरम हवा वर ओढली जायची आणि बाहेर पडायची. खरं सांगतो, खोली निवली. पल्लवी आली, पहिल्याच दुपारी गाढ झोपली. अण्णा उंबऱ्याबाहेर उभे राहून तिचा श्वास ऐकत होते. माणूस इतका सुखी दिसलेला मी क्वचित पाहिला आहे. गाव पंखा बघायला येऊ लागलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच लोक अण्णांना काहीतरी विचारू लागले.

वैशाखात कर्जतच्या हॉस्पिटलात पल्लवीला मुलगी झाली. मायलेकी घरी आल्या आणि त्यांच्या मागोमाग खालापूरहून अक्का आल्या. अक्का म्हणजे अण्णांच्या थोरल्या बहीण. भावकीतली सगळी बाळंतपणं त्यांच्या देखरेखीखाली पार पडलेली. त्यांनी खोलीत पाऊल टाकलं, वर पाहिलं आणि विचारलं, "ह्ये काय घरघरतंय?" अण्णांनी अभिमानाने पंखा सांगितला. अक्कांनी कपाळाला हात लावला. बाळंतिणीला वारा लागता कामा नये हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. तिचे कान बांधतात, बाजेखाली शेगडी ठेवतात, ओव्याची धुरी देतात. गावोगाव फिरून, घनफळ काढून, लक्ष्मीचा विचार करून पंखा बसवणाऱ्या आम्हा तमाम पुरुषांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

"अक्का, ह्यो पंखा वारा देत नाय. वारा न्हेतो," अण्णा काकुळतीने म्हणाले.

"न्हेतो तो कुठनं न्हेतो? पोरीच्या अंगावरनंच ना?"

 अर्ध्या तासात पंख्यात गोणपाट कोंबलं गेलं, झडप बंद झाली, खिडकीला चादर लागली आणि बाजेखाली शेगडी आली. वर वैशाखातला पत्रा होताच. डॉक्टरीणबाईंनी खोली हवेशीर ठेवायला सांगितलं आहे, असं पल्लवी म्हणाली. अक्कांनी विचारलं, ती डॉक्टरीण किती वेळा बाळंत झालीय?

पुढचे दिवस वाईट गेले. बाळाचं अंग घामोळ्यांनी लाल झालं, ते रडून रडून निळं व्हायचं. पल्लवी जेवेनाशी झाली. आईला काही बोलायची नाही, अक्कांना तर नाहीच. एक दिवस तिने नवऱ्याला फोन केला आणि अण्णांना नुसतं सांगितलं की रविवारी पनवेलहून गाडी येणार आहे. सव्वा महिना व्हायच्या आत ओली बाळंतीण माहेराहून परत जाणार, म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा नाही. पण अण्णांना गावाचं काही नव्हतं. ते माझ्या दुकानात येऊन बसले आणि म्हणाले, "पोर माझ्या घरातनं पळून चाललीय रं."

अर्थात ते विचारत सुटले. हेडमास्तर म्हणाले, बायकांच्या गोष्टीत आपण पडू नये. गुरव म्हणाला, अक्का म्हणतात ते शास्त्रच. फार्महाऊसवाला फोन उचलेना. पंखा कुठे लावावा यावर महिनोन्‌महिने बोलणारी माणसं तो चालू करावा की नाही यावर एकदम मुकी झाली. मला या सगळ्यांचा जो संताप आला तो अजून उतरलेला नाही.

शनिवारी दुपारी मी बाळासाठी मलम घेऊन कडावला गेलो. अण्णा ओटीवर बसले होते, आतून बाळाचं रडणं येत होतं. कुसुमकाकू तांदूळ निवडत होती. गावात विचारायचं कुणी उरलं नव्हतं म्हणून असेल, अण्णांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. पल्लवी याच खोलीत जन्मली होती, अशाच उन्हाळ्यात, आणि अक्का तेव्हाही होत्या.

"तुला गं कसं झालं व्हतं, तवा?"

काकूचा हात सुपातच थांबला. तिने वर पाहिलं नाही. म्हणाली, "कौलं व्हती तरी जीव नकोसा झाला व्हता. वाटायचं, दार उघडून पळत सुटावं. पन मला कुनी इचारलंच नाय."

 अण्णा उठले, पडवीतली शिडी घेतली, खोलीत जाऊन झडपेला लावली आणि सत्तरीच्या घरातला तो माणूस माळ्यावर चढला. आधी धूळ पडली, मग गोणपाट खाली आलं, मग पंखा सुरू झाल्याचा आवाज. अक्का स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि शिडीखाली उभ्या राहून कडाडल्या, "कुनाला इचारून काढलंस रं?"

आमच्याकडे त्या वयाची माणसं बायकोचं नाव घेत नाहीत, आणि थोरल्या बहिणीसमोर तर नाहीच नाही. अण्णांनीही उभ्या संसारात काकूला 'अगं ए'पलीकडे हाक मारली नव्हती. माळ्यावरून त्यांचा आवाज आला.

"कुसुमला."

अक्कांनी तिन्हीसांजेची एसटी पकडली. रविवारी पनवेलची गाडी आली. जावई बाळाजवळ बसला, जेवला आणि एकटाच परत गेला. पल्लवी सव्वा महिना पुरा करून, रीतीप्रमाणे ओटी भरून घेऊन गेली.

अण्णा गेल्या थंडीत गेले, फारसे आजारी न पडता. दहाव्याला सगळं गाव लोटलं होतं आणि जो तो अण्णांनी आपल्याला काय काय विचारलं होतं ते सांगत होता. कुणाला बियाण्याचं, कुणाला दाढेचं, हेडमास्तरांना हवेच्या घनफळाचं. आपण नसतो तर अण्णांचं कसं झालं असतं, असा प्रत्येकाचा सूर. ते सगळे उठून गेल्यावर काकू कपबशा गोळा करत होती. मी मदतीला वाकलो, तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला त्यांनी येकदाच इचारलं रं. पन इचारलं आन् ऐकलं बी."