झिजलेली मोटर

हृदयावर टाके घालायला शिकणाऱ्या डॉक्टरांसाठी मी गाझियाबादच्या घरी एक पेटी बनवली होती. आत खाटकाकडून आणलेलं बकऱ्याचं हृदय बसवायचं आणि गाडीच्या वायपरची मोटर ते खालून हलवत राहायची. परदेशी यंत्र परवडत नव्हतं, म्हणून दिल्लीतल्या एका हॉस्पिटलने माझी पेटी घेतली.

पहिल्याच आठवड्यात मोठे सर्जन वैतागले. "अहो, हे घड्याळासारखं हलतंय. पोरं तालावर टाके घालतात आणि खऱ्या पेशंटसमोर बावचळतात."

चूक माझीच. मी कोरी मोटर घेतली होती. मग करोल बागेत "भैया, घिसी हुई दे दो" म्हणत गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं पालथी घातली. सगळी दिल्ली नव्या गाड्यांमागे धावत होती आणि मी मध्येच अडखळणारी मोटर शोधत होतो. नीट चालली की परत करायचो. दुकानदार हसायचे. मोटर झिजून बंद पडली की पुन्हा तीच वणवण. वर्षानुवर्षं हेच करून जीव विटला.

परवा त्याच पेटीवर शिकलेल्या एका डॉक्टरीणबाईंनी माझा कार्डिओग्राम बराच वेळ न्याहाळला.

"काका, ठोके मध्येच अडखळतायत. कधीपासून?"

करोल बागेत इतकी वर्षं मी अगदी हेच मागत फिरलो होतो.