चालत्या इंजिनाचा पट्टा काढला

मंडळी, आज साडूला घरातून हाकललं आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

परळीच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाल्यावर मी वाफेवर चालणारं छोटं इंजिन बनवलं. मोकळं सोडलं की ते बेफाम पळायचं. त्याला ओझं हवं म्हणून पट्ट्याने एक चिमुकला पंप जोडला. आज सकाळी त्याने पहिल्यांदा बादलीतलं पाणी वर चढवलं.

साडू मोबाईलवर व्हिडिओ काढत होता. "लई हळू चाललंय," म्हणाला आणि मी ओरडेपर्यंत त्याने पट्टा ओढून काढलासुद्धा. इंजिन पिसाळलं. इंजिनाचा दांडा तुटून साडूच्या कानाजवळून भिंतीवर आदळला.

"खेळणंच तर हाय, कावून एवढं तापता?"

"निघा," मी म्हणालो.

बायको म्हणते, "तुमीच फोन करून माफी मागा."

तुम्ही मागितली असती?