मामांचे दोन गठ्ठे

आमच्या कॉलेजचे शिपाई, म्हणजे सगळ्यांचेच मामा, कुठल्याही वस्तूला आधी हात लावतात आणि मग बोलतात. खडूचा खोका ते उघडून बघत नाहीत. तळहातावर तोलतात आणि म्हणतात, "शुक्रवारपातुर पुरतंय की." मला याचा रागच येतो, कारण खडू खरंच शुक्रवारी संपतात.

यंदा बीबीएच्या मुलांसाठी मी मार्केटिंगची छापील वही तयार केली होती. धड्यागणिक मुद्दे, लिहायला रिकाम्या चौकटी आणि उदाहरणं आपल्याच गुळाची नि चपलांची. अभिप्रायात झाडून सगळ्यांनी 'फार उपयुक्त' लिहिलं. मी फुशारले आणि पुढच्या वर्षीही हीच वही छापावी म्हणून प्राचार्यांना पत्र लिहायला बसले.

शेजारी मामा तपासून झालेल्या वह्या आवरत होते. एकही न उघडता, कोपऱ्यांवरून अंगठा फिरवत त्यांनी दोन गठ्ठे केले. एक बारका, कोपरे मुडपलेल्या, चहा सांडलेल्या वह्यांचा. दुसरा चांगला उंच, करकरीत.

"मामा, वेगळ्या कशाला करताय? सगळ्यांनी पूर्ण भरल्यात," मी म्हणाले.

"व्हय की मॅडम. ह्या भरल्यात." त्यांनी उंच गठ्ठ्यावर हात ठेवला, मग बारक्यावर. "आन् ह्या वापरल्यात."

टेबलावर एक वही उरली होती. तिच्याही कोपऱ्यावरून त्यांनी अंगठा फिरवला, ती उंच गठ्ठ्यावर ठेवली आणि ते घंटा द्यायला निघून गेले.

ती माझी होती. वर्षभर मी तिच्यावरूनच शिकवलं होतं.