सगळ्यांच्या मागचा

कचेरीत पस्तीस वर्षं टायपिंगमध्ये माझा हात धरणारं कोणी नव्हतं. निवृत्तीनंतर हौसेने सायकल सहलीला आले आणि पहिल्याच दिवशी कळलं की इथे माझ्याइतकं सावकाश कोणी नाही. सहा दिवसांची सहल, सगळे खेड्यापाड्यांतले रस्ते. एकवीस जण पुढे, मग मी आणि माझ्यामागे शेपूट.

शेपूट म्हणजे एक माणूस. नारिंगी जाकीट घातलेल्या एकाने सगळ्यांच्या मागे राहायचं, म्हणजे वाटेत कोणी सुटत नाही, असा सहलीचा नियम होता. एरवी तो एका शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर. मुलं गेली की गॅस बंद, नळ बंद, मग कुलूप. शेवटी निघायची सवय अंगात मुरलेली. पन्नाशीचा, किडकिडीत आणि अबोल. मला त्याचा राग यायचा. मी चढावर उतरून सायकल ढकलायला लागले की तोही उतरायचा. त्याला उतरायची काही गरज नाही, हे मला दिसत होतं ना.

चौथ्या दिवशी सकाळी हवा छान होती आणि मी रंगात होते. कालव्यापाशी बूट काढून पाण्यात पाय सोडून बसले. पुढे एक बाई भोपळ्याच्या बिया वाळत घालत होती, तिच्याशी गप्पा मारल्या. त्यांत पाऊण तास कुठे गेला कळलं नाही. मग एका वाकड्या झाडाखाली शेपटाला माझा फोटो काढायला लावला, तो आवडला नाही म्हणून दुसरा, मग तिसरा. तिसऱ्या वेळी त्याने घड्याळ पाहिलं.

"घाई असेल तर व्हा पुढे," मी फणकाऱ्याने म्हटलं.

"नाही बाई. मला मागेच राहायचं असतं."

एक फाटा ओलांडून थोडं पुढे आलो तेव्हा त्याचा फोन वाजला. तो हळू बोलत होता, पण रस्त्यावर दुसरा आवाजच नव्हता. "अजून सहा किलोमीटर... नाही, थांबू नकोस. शेजारीण बारापर्यंतच बसणार आहे ना? मग जा तू... नाही, रागावलो नाही गं."

मी सायकल थांबवली. "कोण होतं?"

"ताई."

मग एकेक शब्द ओढून काढावा लागला. मघाचा फाटा तिच्या गावाचा. सात वर्षांपूर्वी वडील तिच्याकडेच वारले. आजार वाढल्याचं तिने कळवलं नाही आणि तो पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. "तुझ्या दारात पुन्हा पाऊल ठेवणार नाही," असं तो सगळ्यांदेखत म्हणाला. भांडण फोनवर केव्हाच मिटलं. पण शब्द गेला तो गेला. तिला घर सोडता येत नव्हतं, भावोजी अंथरुणाला खिळलेले. यंदा सहल इकडून जाणार कळल्यावर तीच म्हणाली होती, चौक म्हणजे काही माझं दार नव्हे. शेजारणीला घरी बसवून ती आमच्या पुढच्या थांब्याच्या चौकात आली होती. आम्ही साडेदहाला पोचणार होतो. तिची परतीची बस अकरा चाळीसला. आता साडेअकरा वाजले होते.

"सकाळीच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही मजेत होतात."

लाजेने मला तोंड लपवावंसं वाटलं. "आता तरी जा. मी काही कुकुलं बाळ नाही."

"शेवटच्या माणसाला सोडून जायचं नसतं."

असल्या माणसाशी वाद काय घालणार? मी जिवाच्या आकांताने पेडल मारायला लागले. छाती भात्यासारखी चालत होती आणि रस्ता जागचा हलत नव्हता. दोन किलोमीटरही झाले नसतील, समोरून बस आली. मागच्या खिडकीतून एका बाईने हात बाहेर काढला होता. नारिंगी जाकीट तिला लांबूनच दिसलं असणार.

आणि शेपटाने सायकल वळवली. चार दिवसांत पहिल्यांदा तो माझ्या पुढे होता. बसच्या मागच्या काचेशी ती येऊन उभी राहिली, आणि तो मान खाली घालून पेडल मारत सुटला. बस काही थांबली नाही.

मी धापा टाकत फाट्याशी पोचले. बस आत वळून गेली होती. तो एक पाय टेकून धुळीकडे बघत उभा होता.

"तिचे केस पांढरे झालेत," तो म्हणाला. मग सायकल फिरवायला लागला. "चला."

"कुठे चला? ते जाकीट काढा."

"अहो, मग शेवटी कोण राहणार?"

"मी. नाहीतरी रोज शेवटी मीच असते."

त्याने जाकिटाची चेन अर्ध्यावर आणली. "आणि मी बोललो होतो त्याचं?"

"पाऊल ठेवायचं नाही म्हणालात ना? सायकलीवरून उतरू नका."

जाकीट मला ढगळ होत होतं. चौकापर्यंत मी दहा वेळा तरी मागे वळून पाहिलं असेल. ज्या माणसाचा चार दिवस राग केला, तो मागे नाही म्हटल्यावर रस्ता खायला उठला होता.

तो मुक्कामी आला तेव्हा दिवस मावळत होता. मी जाकीट परत दिलं. आत गेलात का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

तो स्वतःच बोलला. "उतरलो नाही. अंगणात सायकलीवर बसूनच चहा प्यायलो. ती हसली, रडली, मग पुन्हा हसली. निघालो तर म्हणाली, थांब, फाट्यापर्यंत येते. लहानपणी सायकल तिनेच शिकवलेली, मागून कॅरियर धरून पळायची. आजही तसंच धरलं. मी हळू चालवत होतो आणि ती मागून म्हणत होती, पुढे बघ, मी आहे."

त्याने जाकिटाची चेन वरपर्यंत ओढली.

"फाट्याला वळून पाहिलं, तर ती पार मागे होती, वळणावर. गुडघे दुखतात तिचे. कधी सोडलं, कळलंच नाही."