श्रीरंगची रविवारची वडी

श्रीरंग गेल्याचा फोन आला, त्या रविवारी मी लातूरच्या बसस्टँडवर किनवटच्या गाडीची चौकशी करत होते. त्यालाच भेटायला निघाले होते हो! फोनवर त्याची बायको कमल एवढंच म्हणाली, "अक्का, तुम्ही येऊ नका. आम्हीच त्यांना घेऊन गावाकडं येतोय." तरी मी खुळ्यासारखी गाडीची वाट बघत बसून राहिले...

श्रीरंग माझा धाकटा भाऊ, किनवटच्या आश्रमशाळेत मास्तर. आमचं किल्लारीकडचं घर माळकरी. डुकराचं नाव काढलं तरी आई चूळ भरायला लावायची. आणि हा पठ्ठ्या दर रविवारी सकाळी शाळेतल्या गंगाधर सरांकडं जाऊन डुकराची वडी खायचा! कापून उरलेले कान, कातडी, चरबीचे तुकडे बारीक करून सरांची आई ज्वारीच्या पिठात शिजवायची, थापून ठेवायची आणि सकाळी तव्यावर खरपूस भाजायची. एकदा मलाही घेऊन गेला. "नाक दाबू नको अक्का, खाऊन तर बघ." वरून कुरकुरीत, आतून लोण्यागत मऊ, लसणाचा ठसका. मी दुसरी मागितली तर लई हसला मेला. सांगायला लाज कसली, आवडली मला.

कमलला सगळं ठाऊक होतं. गळ्यात तुळशीची माळ घातलेली बाई ती. भांडली कधी नाही, पण आंघोळ केल्याशिवाय त्याला घरात घेत नसे आणि दिवसभर त्याच्याशी चकार शब्द बोलत नसे. लग्न झाल्यापासून त्यांचा रविवार असा मुकाच जायचा. शेवटचाही तसाच गेला. वडी खाऊन आला, ओट्यावर टेकला आणि तिथंच संपला.

"मी बोललेच न्हाई ओ अक्का," ती माझ्या गळ्यात पडून रडली. "आता कावळा शिवला न्हाई तर?"

दहाव्याला तेरणेच्या काठी पिंड मांडला. बाभळीवर कावळे गच्च बसलेले, पण एकाच्याही तोंडून आवाज फुटेना. भावकीनं जिलेबी ठेवली, भजी ठेवली, त्याच्या पोरीला शिकवायचा शब्द दिला. एक पंख हलला नाही. वारासुद्धा पडला. माझ्या पाठीमागं कुणीतरी उभं आहे असं सारखं वाटायचं आणि वळून बघावं तर कुणी नाही. अखेर गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला.

तशी कमल उठली. लांब सडकेच्या कडेला गंगाधर सर डबा घेऊन उभे होते. तिनंच त्यांना बोलावलं होतं, मलासुद्धा पत्ता नव्हता. तिनं डबा उघडला, तो वास आला आणि चुलते ओरडले, "अगं, गळ्यात माळ हाय तुझ्या!"

"असू द्या," म्हणाली आणि आपल्या हातानं वडी पिंडाशेजारी ठेवली.

एक कावळा खाली उतरला. पिंडाकडं गेला नाही. वडीकडंही नाही. चालत चालत कमलपुढं येऊन थांबला आणि मान वर करून तिच्या तोंडाकडं बघत राहिला.

कमलनं डोक्यावरचा पदर सावरला.

"खावा की," ती म्हणाली. "बोलतीय न्हवं मी आता."