जांभळ्या दिव्याखालचा बिल्ला

पलटणीचा कापडी बिल्ला पारखायचा तर मी तो आधी उलटा करतो. पुढच्या बाजूची नक्कल कुणालाही जमते. मागचे टाके सहसा खोटं बोलत नाहीत. मग तो जांभळ्या दिव्याखाली धरतो. जुना सुती दोरा तिथे मंदच राहतो, हल्लीचा नकली चमकतो.

काल शेजारच्या मावशींनी त्यांच्या दिवंगत यजमानांच्या वर्दीवरचा बिल्ला आणला. टाके जुने होते, पण दिव्याखाली तो लख्ख उजळला. नकली म्हणायला माझी जीभ रेटेना.

"चमकतोय का रे?" मावशींनी विचारलं. "ते सुट्टीवर आले की वर्दी मीच धुवायची, कपड्यांच्या पावडरीत घोळून घोळून."

पावडरीची चमक दोऱ्यात राहते, हे मी विसरलोच होतो. बिल्ला अस्सल होता. मी तसं सांगून दिवा बंद करायला गेलो, तर मावशी म्हणाल्या, "राहू दे ना जरा."