न बसवलेला पत्रा

टेमुका गावच्या एकमेव गॅरेजात नोलीन टेटची उमर गेली होती. गावातल्या निम्म्या गाड्यांच्या पोटात तिचा हात जाऊन आलेला. हे सगळं ती वडिलांकडून, अ‍ॅलेककडून शिकली. धाकटी जॉसलिन तेव्हा पियानोपाशी बसलेली असायची. पुढे ती वेलिंग्टनला शाळेत संगीत शिकवायला गेली, आणि नवऱ्याशी काडीमोड झाल्यावर सामानासकट परत आली. त्यानंतर वर्षभरात म्हातारा गेला. त्याची उघड्या टपाची, दोन सीटची लाल मझदा गाडी त्याने जॉसलिनच्या नावावर केली होती.

अंत्यविधीला आलेल्यांना नोलीनने शांतपणे सँडविच वाढली. पण शनिवारी ती गाडी गॅरेजवरून गेली की हातातला पाना थांबायचा. जॉसलिन चौकात गिअर बदलायची तो आवाज नोलीनला लांबून ओळखू यायचा. मी असते तर आणखी पुढे जाऊन ब्रेक लावला असता, असं ती मनात म्हणायची आणि तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा. जॉसलिन मोटार क्लबात शिरली, एकेक गाडी घड्याळ लावून घाट चढवायच्या शर्यतीत तिला कपही मिळाले, तसं हे वाक्य नोलीनला जास्त वेळा म्हणावं लागू लागलं. कप गाडीचे आहेत, असं ती मानून चालायची.

एका सोमवारी जॉसलिन दोन खोकी घेऊन गॅरेजात आली. एकात इंजिनाला हवा ओढायचा नवा, मोठा फिल्टर, दुसऱ्यात इंजिनाचा धूर बाहेर नेणारा स्टीलचा मॅनिफोल्ड आणि मागचा सायलेन्सर. घाटाची शर्यत तोंडावर आली होती.

"दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाहीये मला," ती म्हणाली. "तूच बसव ना, नोल."

नोलीनने मान डोलावली. बहीण गेल्यावर मात्र तिचा तिळपापड झाला. गाडी हिची, कप हिचे, आणि गाडीखाली पाठ टेकून झोपायचं मी!

सायलेन्सरचं काम तिने जीव ओतून केलं. जुन्या मॅनिफोल्डचे नट गंजून दगड झाले होते. त्यांना तेल पाजून, ज्योतीने तापवून, एकही न मोडता तिने ते सोडवले. नवा पाइप असा बसवला की कुठे खडखड नाही, कुठे धूर गळत नाही. वाईट काम तिच्या हातून होतच नसे.

फिल्टरपाशी आल्यावर तिचा हात अडला. खोक्यात एक वाकवलेला पत्रा होता, फिल्टरभोवती आडोसा म्हणून लावायचा. तो लावला नाही तर फिल्टर बाहेरची गार हवा न घेता इंजिनाचाच तापलेला वाफारा ओढतो. तापलेली हवा विरळ, तिच्यात दम नसतो. आवाज वाढतो, ताकद मात्र कमी होते. नोलीनला हे झोपेतही सांगता आलं असतं. तिने तो पत्रा उचलला आणि आपल्या व्हॅनमध्ये, हत्यारांच्या मागे सरकवून दिला. मोडणार तर काहीच नव्हतं, अशी तिने मनाची समजूत घातली.

जॉसलिनने गाडी सुरू केली तेव्हा ती लहान पोरीसारखी हसली. आवाज खरोखरच भारदस्त झाला होता.

शर्यतीच्या दिवशी घाटाचा रस्ता बंद करून खालच्या कुरणात गाड्या लावल्या होत्या. क्लबाच्या बायका तंबूत चहा आणि मटणाचे पॅटिस विकत होत्या. जॉसलिनची पहिली फेरी गेल्या वर्षीपेक्षा हळू झाली. याच क्षणाची नोलीन वाट पाहत होती. पण वर जाऊन परत आलेली जॉसलिन हेल्मेट काढत म्हणाली की गाडी नुसती उडतेय. चार जणांनी तिच्या पाठीवर थाप मारली. वेळेचा आकडा तिने पाहिलाच नव्हता. हळू जाऊनही ही खूश कशी, या विचाराने नोलीनच्या पोटात आणखीच दुखू लागलं.

तेवढ्यात जॉसलिनने हेल्मेट तिच्यापुढे धरलं. "आता तू जा. तुझं नाव घातलंय मी."

नोलीनने हेल्मेट चढवलं. इतकी वर्षं मनात चालवलेली गाडी ती पहिल्यांदा त्या घाटात चालवत होती. पुढे जाऊन ब्रेक लावला, वळण नीट घेतलं, पण चढावर पाय दाबला तर गाडी नुसती ओरडायची. ओढ कसली ती नाहीच. इंजिन आधीच्या फेरीने तापलेलं, त्यात तिचीच करणी. जॉसलिनपेक्षा ती पाच सेकंद मागे पडली.

"मला वाटलं तू मला धुऊन काढशील," जॉसलिन बॉनेटला टेकून म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "आणि ही गाडी तू मागितली का नाहीस गं कधी?"

"डॅडने विचारलं कुठे?"

"विचारलं होतं की. माझ्यासमोर, ख्रिसमसच्या जेवणात. तू म्हणालीस, दिवसभर गाड्याच बघते, घरी आणखी एक कशाला."

नोलीनला आठवलं. पुडिंगचं भांडं हातात होतं. नको म्हटलं, की डॅड पुन्हा विचारतील, आग्रह करतील, आणि मग आपण घेऊ, असं तिने धरलं होतं. म्हाताऱ्याला तसलं वळसे घालून बोलणं कळत नसे. बरं, म्हणाला आणि जेवू लागला.

ती गाडीतून उतरून आपल्या व्हॅनकडे गेली. पत्रा घेऊन आली, बॉनेट उघडलं आणि स्क्रू लावू लागली.

"हे काय?" जॉसलिनने विचारलं.

"विसरले होते लावायचं."

"तू विसरत नाहीस, नोल," जॉसलिन म्हणाली आणि चहा आणायला गेली. येताना दोन कप घेऊन आली.

दुपारच्या फेरीत जॉसलिनने आपलाच जुना विक्रम मोडला. गाडी खालून वर जाताना नोलीनला आपलं काम स्वच्छ ऐकू येत होतं. ते ऐकून ऊर भरून आला आणि त्याच क्षणी जळलाही. मग इंजिन निवू देऊन ती स्वतः गेली. आता गाडीकडे बोट दाखवायला जागा नव्हती. तिने सगळं पणाला लावलं, आणि तरी दोन सेकंदांनी मागेच राहिली. जॉसलिन खरोखरच तिच्याहून चांगली चालवत होती.

हे गिळायला तिला वेळ लागला. तंबूत कुणीतरी चेष्टा केली, की धाकटीच्या हातात जादू आहे, तेव्हा तिने पॅटिसचा घास उगाच बराच वेळ चावला. घरी जाताना तिने जॉसलिनला विचारलं की दुसऱ्या डाव्या वळणावर ती ब्रेक नेमका कुठे लावते.

जॉसलिन म्हणाली, "लावतच नाही तिथे."

"खोटं बोलतेस."

"रविवारी ये. दाखवते."

नोलीन रविवारी गेली.